सुपर बोलच्या जाहिरातीचे 80 लाख डॉलर कुणाच्या खिशात जातात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: सुपर बोलमध्ये, म्हणजे एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगच्या वार्षिक अंतिम सामन्यात, 30 सेकंदांच्या जाहिरातीला 80 लाख डॉलर पडतात असं वाचलं, म्हणजे एनएफएल आपली वर्षाची कमाई त्या एका रात्रीत करते का? तसं नसेल, तर जवळजवळ एकाच देशात खेळला जाणारा हा खेळ जगातली सगळ्यात श्रीमंत लीग कशी काय चालवतो? आणि ज्या शहरात सामना होतो, त्याच्या पदरात काय पडतं? तुम्ही क्रीडा व्यवस्थापन शिकताय म्हणून जरा खोलात जाऊन लिहितो. अमेरिकेत टीव्हीवरची जाहिरातीची वेळ विकत घेण्याच्या कामात माझी कारकीर्द गेली, त्यामुळे सुरुवात जाहिरातीपासूनच करतो.

ते 80 लाख डॉलर एनएफएलला मिळत नाहीत. ते वाहिनीला मिळतात. 9 फेब्रुवारी 2025 रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये फिलाडेल्फिया ईगल्सनी कॅन्सस सिटी चीफ्सना 40-22 असं हरवलं, तो सामना फॉक्सवर होता. त्या दिवशी जाहिरातींतून 80 कोटी डॉलरच्या वर रक्कम जमल्याचं फॉक्सनं सांगितलं. त्यातला वाटा लीगला जात नाही. सामना एकतर्फी झाला, लोकांनी मध्येच टीव्ही बंद केला, तर झळ वाहिनीला आणि आमच्यासारख्या जाहिरात घेणाऱ्यांना बसते. लीगचा पैसा आधीच ठरलेला असतो.

तो ठरला मार्च 2021 मध्ये. सीबीएस, एनबीसी, फॉक्स, ईएसपीएन-एबीसी आणि अ‍ॅमेझॉन या पाच जणांशी एनएफएलनं 2023 ते 2033 अशा अकरा हंगामांचे करार केले. सगळे मिळून सुमारे 110 अब्ज डॉलर, म्हणजे वर्षाला सरासरी 10 अब्ज. त्याशिवाय आपल्या भागात न दिसणारे रविवारचे सामने पाहण्याचं ‘संडे तिकीट’ हे पॅकेज यूट्यूबनं वर्षाला सुमारे 2 अब्ज डॉलरला घेतलं. 2024 च्या नाताळात दोन सामने नेटफ्लिक्सवर गेले, त्यांचे पैसे वेगळे. आकडा एवढा मोठा का, हे समजून घ्यायला एक गोष्ट पुरेशी आहे. 2023 मध्ये अमेरिकेत सर्वाधिक पाहिल्या गेलेल्या 100 प्रक्षेपणांपैकी 93 एनएफएलचे सामने होते. मालिका, बातम्या, पुरस्कार सोहळे, सगळं उरलेल्या सातात.

इथे विद्यार्थी हमखास एक हिशेब मांडतात: फॉक्स वर्षाला 2 अब्ज डॉलरच्या वर देतं, सुपर बोल मात्र चार वाहिन्यांत पाळीपाळीनं फिरतो, म्हणजे चार वर्षांतून एकदा येतो. मग हा सौदा परवडतो कसा? उत्तर जाहिरातीच्या पलीकडे आहे. अमेरिकेतल्या केबल आणि डिश कंपन्या प्रत्येक ग्राहकामागे दर महिन्याला वाहिनीला पैसे देतात. त्या दराची बोलणी फिसकटली की वाहिनी त्या केबलवरून गायब होते. रविवारी दुपारी सामना दिसला नाही तर ग्राहकांच्या तक्रारींचा पूर येतो, हे दोन्ही बाजूंना पक्कं ठाऊक असतं. म्हणूनच अशी बोलणी हंगामाच्या तोंडावर आली की वाहिनीचं पारडं जड असतं. एनएफएलचे हक्क हातातून गेले, तर बाकी सगळ्या वेळापत्रकाची किंमत उतरते. या भीतीपोटी दिलेली रक्कम त्या 110 अब्जांत बरीच आहे, असं माझं मत आहे.

आता लीगच्या आतला हिशेब पाहू. माझ्या दृष्टीनं सगळ्या धंद्याचं मूळ इथे आहे.

राष्ट्रीय प्रक्षेपणाचा पैसा 32 संघांत समान वाटला जातो. सारखे 32 वाटे, कमी नाही, जास्त नाही. एखाद्या दूध संघात प्रत्येक जण आपापलं दूध घालतो आणि लिटरप्रमाणे पैसे घेतो. इथे डॅलसनं टाकी भरून घातलं आणि जॅक्सनव्हिलनं तांब्याभर घातलं, तरी महिन्याच्या शेवटी दोघांच्या हातात सारखीच रक्कम. अमेरिकेसारख्या देशात, अब्जाधीश मालकांच्या टोळक्यात हे चालतं, यावर नव्या माणसाचा विश्वास बसत नाही.

हे आपोआप घडलेलं नाही. 1950 च्या दशकात प्रत्येक संघ आपले टीव्ही हक्क स्वतः विकायचा. न्यूयॉर्क, शिकागो, लॉस एंजेलिसच्या संघांना मोठ्या बाजारपेठेचा फायदा होता, ग्रीन बेसारख्या गावाला उरलंसुरलं मिळायचं. 1960 मध्ये उभ्या राहिलेल्या एएफएल या प्रतिस्पर्धी लीगनं एबीसीशी एकत्र करार करून पैसे वाटून घेतले. त्याच वर्षी पीट रोझेल एनएफएलचे आयुक्त, म्हणजे प्रमुख कारभारी, झाले. त्यांनी मोठ्या शहरांच्या मालकांना, म्हणजे न्यूयॉर्क जायंट्सच्या मारा कुटुंबाला, शिकागो बेअर्सच्या जॉर्ज हॅलस यांना आणि लॉस एंजेलिस रॅम्सच्या डॅन रीव्ह्ज यांना पटवलं की आज थोडं सोडा, उद्या सगळ्यांचं वाढेल. फिलाडेल्फियातल्या न्यायालयानं 1961 मध्ये असा सामाईक करार मक्तेदारीविरोधी कायद्यात बसत नाही म्हणून अडवला. तेव्हा रोझेल वॉशिंग्टनला गेले आणि काही महिन्यांत अमेरिकेच्या संसदेनं, म्हणजे काँग्रेसनं, क्रीडा प्रक्षेपण कायदा मंजूर केला. अध्यक्ष केनेडी यांनी 30 सप्टेंबर 1961 रोजी त्यावर सही केली. सीबीएसबरोबरचा पहिला सामाईक करार वर्षाला 46 लाख 50 हजार डॉलरचा होता. आजच्या दरानं त्यात सुपर बोलच्या जाहिरातीची अठरा सेकंदंसुद्धा येत नाहीत.

त्या कायद्याच्या बदल्यात लीगनं एक अट मान्य केली, ती आजही वेळापत्रकात दिसते. शाळा-कॉलेजांच्या फुटबॉलला धक्का लागू नये म्हणून सप्टेंबरच्या दुसऱ्या शुक्रवारपासून डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारपर्यंत शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी लीगला सामने दाखवता येत नाहीत. अ‍ॅमेझॉन थँक्सगिव्हिंग या नोव्हेंबरातल्या सणानंतरच्या शुक्रवारचा सामना संध्याकाळी न दाखवता दुपारी तीन वाजता का दाखवतं, याचं कारण हे. ब्राझीलमधला पहिला सामना 6 सप्टेंबर 2024 या शुक्रवारी साओ पावलोत रात्री होऊ शकला, कारण तो महिन्याचा पहिला शुक्रवार होता. वेळापत्रक करणारी माणसं या कायद्यातल्या फटी बोटानं चाचपून ठेवतात.

समान वाट्याचा आकडा जगाला कळतो तो ग्रीन बे पॅकर्समुळे. बाकीचे संघ खासगी आहेत, हिशेब दाखवत नाहीत. पॅकर्स मात्र पाच लाखांहून जास्त भागधारकांच्या मालकीचा संघ आहे. या भागांवर लाभांश मिळत नाही, ते नफ्यानं विकताही येत नाहीत, तरी लोक अभिमानानं भिंतीवर प्रमाणपत्र लावतात. लाखभर वस्तीच्या या गावाचा संघ दर उन्हाळ्यात ताळेबंद जाहीर करतो. मार्च 2025 मध्ये संपलेल्या वर्षात लीगकडून आलेला वाटा होता 43 कोटी 26 लाख डॉलर. त्या हंगामात खेळाडूंच्या पगाराची कमाल मर्यादा, म्हणजे सॅलरी कॅप, होती 25 कोटी 54 लाख. खेळाडूंच्या इतर लाभांचे सुमारे 7 कोटी 40 लाख त्यात मिळवा. म्हणजे स्टेडियमचं एकही तिकीट विकण्याआधी, बिअरचा एकही ग्लास भरण्याआधी सगळ्या खेळाडूंचा खर्च निघतो आणि वर जवळजवळ 10 कोटी डॉलर उरतात. खेळात हरलात तरी धंद्यात बुडत नाही. म्हणूनच सगळ्यात वाईट संघसुद्धा कुणी स्वस्तात विकत नाही.

सॅलरी कॅप 1994 मध्ये आली, तेव्हा ती 3 कोटी 46 लाख होती. 2025 मध्ये ती 27 कोटी 92 लाख झाली. उत्पन्न समान, खर्चाची मर्यादा समान, शिवाय शेवटून पहिला आलेल्या संघाला नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिली संधी. या तिन्हींमुळे कुठल्याही गावच्या प्रेक्षकाला सप्टेंबरमध्ये आशा वाटते. त्या आशेला टीव्हीवर भाव मिळतो.

मग डॅलस काउबॉइज सगळ्यात महाग कसा? कारण सगळंच वाटलं जात नाही. तिकिटांच्या उत्पन्नातला 34 टक्के भाग पाहुण्या संघांसाठी सामाईक गल्ल्यात जातो. पण खास कक्ष, स्टेडियमवरचं नाव, स्थानिक प्रायोजक आणि पार्किंग या कमाईचा मोठा भाग मालकाकडेच राहतो. जेरी जोन्स यांनी 1989 मध्ये काउबॉइज सुमारे 14 कोटी डॉलरला घेतले. 1995 मध्ये लीगचा अधिकृत प्रायोजक कोकाकोला असताना त्यांनी आपल्या स्टेडियमसाठी पेप्सीशी करार केला, मग नाईकीशी. लीगनं 30 कोटींचा दावा ठोकला, त्यांनी उलट 75 कोटींचा. पुढे तडजोड झाली आणि स्थानिक प्रायोजकांचं दार सगळ्याच मालकांना उघडलं. फोर्ब्सनं 2025 मध्ये काउबॉइजची किंमत 13 अब्ज डॉलर धरली. वॉशिंग्टन कमांडर्स 2023 मध्ये प्रत्यक्ष विकले गेले ते 6.05 अब्जांना. संघ इतके महाग झाले की एकट्यादुकट्या श्रीमंताला परवडेना, म्हणून ऑगस्ट 2024 मध्ये मालकांनी निवडक गुंतवणूक कंपन्यांना 10 टक्क्यांपर्यंत हिस्सा घेण्याची मुभा दिली.

म्हणजे सुपर बोल हा लीगचा गल्ला नाही. मग तो काय आहे? माझ्या अनुभवात तो सगळ्या हंगामाचा भाव ठरवणारा दिवस आहे. पुढच्या करारात वाहिन्या जो आकडा लिहितात, त्यामागे हा दिवस आपल्याकडे असावा ही हाव असते.

तो जन्मतः मोठा नव्हता. 15 जानेवारी 1967 रोजी लॉस एंजेलिसच्या कोलिझियममध्ये पहिला सामना झाला, तेव्हा 61,946 लोक आले आणि साधारण तिसरा हिस्सा जागा मोकळ्या राहिल्या. सीबीएस आणि एनबीसी दोघांनीही तो दाखवला. एनबीसीवर 30 सेकंदांना 37,500 डॉलर पडत होते. त्याचं पूर्ण चित्रीकरण जपून ठेवावं असं दोन्ही वाहिन्यांना वाटलं नाही. मध्यंतराचा कार्यक्रमही पुष्कळ वर्षं बँड आणि कवायतींचा होता. 1992 मध्ये फॉक्सनं नेमकं मध्यंतरात विनोदी कार्यक्रमाचा खास भाग दाखवून लाखो प्रेक्षक पळवले. पुढच्याच वर्षी लीगनं पासाडेनात मायकल जॅक्सनना उभं केलं. आता मध्यंतराला अ‍ॅपल म्युझिकचं नाव असतं, त्यासाठी वर्षाला सुमारे 5 कोटी डॉलर मोजले जातात असं बोललं जातं. गायकाला मात्र लीग मानधन देत नाही. निर्मितीचा खर्च ती उचलते, कलाकाराला मिळते ती जगाची नजर. 2025 मध्ये केंड्रिक लमार यांचा कार्यक्रम 13 कोटी 35 लाख लोकांनी पाहिला, खुद्द सामन्याच्या सरासरी 12 कोटी 77 लाखांपेक्षा जास्त.

जाहिरातदाराच्या बाजूनं हिशेब करून दाखवतो. 80 लाख भागिले 12 कोटी 77 लाख केलं, तर दर हजार प्रेक्षकांमागे 63 डॉलरच्या आसपास येतात. नेहमीच्या टीव्ही जाहिरातीपेक्षा हा दर बराच चढा आहे, म्हणून निव्वळ माणसं मोजून हा खर्च कधीच पटत नाही. पटतो तो दोन कारणांनी. एक, इथे लोक जाहिरात पाहायला बसतात. उरलेल्या वर्षभर ते जाहिरात लागली की उठून जातात. दोन, त्या रात्री दिसलं की दुकानदार, वितरक, गुंतवणूकदार, स्वतःचे कर्मचारी या सगळ्यांना कळतं की ही कंपनी मोठी झाली. पण 80 लाख ही फक्त जागेची किंमत. वाहिनी सहसा सुपर बोलचा एकटा स्पॉट देत नाही, जोडीला इतर कार्यक्रमांतली वेळही घ्यायला लावते. नामांकित चेहरा, चित्रीकरण, आठवडाभर आधी इंटरनेटवर सोडायच्या झलका हा खर्च वेगळा. मी छोट्या कंपन्यांना नेहमी एकच सल्ला दिला: हा पैसा पूर्ण बुडाला तरी पुढच्या वर्षीचं बजेट शाबूत राहत असेल, तरच या. जानेवारी 2000 च्या सामन्यात डझनाहून अधिक डॉट-कॉम कंपन्यांनी जाहिराती केल्या. त्यातली पेट्स डॉट कॉम त्याच नोव्हेंबरमध्ये बंद पडली. 2022 मध्ये क्रिप्टो कंपन्यांची रांग लागली. त्यातल्या एफटीएक्सचं दिवाळं त्याच नोव्हेंबरमध्ये वाजलं, आणि 2023 च्या सामन्यात क्रिप्टोची एकही जाहिरात नव्हती.

आता शहरांबद्दल. इथे मला शांतपणे लिहिणं अवघड जातं.

2018 चा सामना मिनियापोलिसला झाला. त्यासाठी लीगनं शहरापुढे ठेवलेल्या अपेक्षांची 153 पानी यादी 2014 मध्ये तिथल्या वृत्तपत्राच्या हाती लागली. तिकिटांचं सगळं उत्पन्न लीगचं, हजारो मोफत पार्किंग जागा, मालकांसाठी पोलीस बंदोबस्त, हॉटेलातले आलिशान सूट फुकट, करांतून सवलत. सगळ्या अटी जशाच्या तशा मान्य झाल्या असं नाही, पण मागणीचा सूर काय असतो ते दिसलं. दर वर्षी यजमान समिती शेकडो दशलक्षांच्या फायद्याचा अहवाल काढते. व्हिक्टर मॅथेसन, रॉबर्ट बाडे यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञांनी प्रत्यक्ष आकडे तपासले तेव्हा फायदा त्याच्या छोट्याशा अंशाइतका निघाला. कारण समजायला सोपं आहे. सुपर बोलच्या आठवड्यात नेहमीचा पर्यटक आणि परिषदेला येणारा पाहुणा त्या शहराकडे फिरकत नाही. हॉटेलांचे दर तिप्पट होतात, पण तो पैसा हॉटेल साखळीच्या मुख्यालयात जातो. खोली साफ करणाऱ्या बाईचा पगार तिप्पट होत नाही.

तरी शहरं धडपडतात, कारण सामना हे नव्या स्टेडियमचं बक्षीस आहे. यादी पाहा: आर्लिंग्टन 2011, इंडियानापोलिस 2012, न्यू जर्सी 2014, मिनियापोलिस 2018, अटलांटा 2019, इंगलवूड 2022, लास वेगास 2024. सगळीकडे स्टेडियम नवंकोरं होतं. मिनियापोलिसच्या स्टेडियमला राज्य आणि शहराचे मिळून 49 कोटी 80 लाख डॉलर गेले, लास वेगासच्या स्टेडियमला हॉटेल करातून 75 कोटी. न्यू जर्सी आणि इंगलवूडची स्टेडियमं मालकांनी स्वतःच्या पैशांनी बांधली, म्हणजे तसं करणं शक्य असतं. नाही म्हणणाऱ्या शहराला मालक दुसरा रस्ता दाखवतात. 1995 ते 2015 एवढा काळ लॉस एंजेलिसमध्ये एकही संघ नव्हता, आणि ‘आम्ही तिकडे जातो’ हे वाक्य बाकीच्या शहरांत कर मंजूर करून घ्यायला फार उपयोगी पडलं. सान डिएगोच्या मतदारांनी नोव्हेंबर 2016 मध्ये करवाढ नाकारली, पुढच्या जानेवारीत तिथल्या चार्जर्स संघानं गाशा गुंडाळून लॉस एंजेलिस गाठलं. सेंट लुईस मात्र तिथला रॅम्स संघ पुन्हा लॉस एंजेलिसला गेल्यावर न्यायालयात गेलं, आणि 2021 मध्ये लीग व मालकांनी 79 कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. तुम्हाला प्रकल्पासाठी विषय हवा असेल तर हा खटला घ्या.

खेळाडूंबद्दल थोडक्यात. 2020 च्या करारानुसार लीगच्या उत्पन्नातला साधारण 48 टक्के वाटा त्यांचा आहे, हे खरं. पण खेळाडूंची संघटना सरासरी कारकीर्द तीन-साडेतीन वर्षांची सांगते, आणि बहुतेक करारांत पूर्ण रकमेची हमी नसते. 2025 चा सुपर बोल जिंकणाऱ्या प्रत्येक ईगल्स खेळाडूला त्या सामन्याचे 1,71,000 डॉलर मिळाले. त्याच रात्री जाहिरातीच्या एका सेकंदाची किंमत 2,66,000 च्या पुढे होती.

आयपीएलशी तुलना तुमच्या मनात असणारच. फ्रँचायझी, पगाराची मर्यादा, प्रक्षेपणाचा सामाईक गल्ला हे सगळं आयपीएलनं अमेरिकी लीगांकडूनच उचललं आहे, आणि 2023 ते 2027 चे हक्क 48,390 कोटी रुपयांना गेले. फरक मालकीत आहे. आयपीएल बीसीसीआयची आहे. मंडळ आपला मोठा हिस्सा ठेवून बाकीचं संघांना देतं. एनएफएलच्या वर कुणीच नाही, 32 मालक म्हणजेच लीग, आयुक्त त्यांचा पगारी माणूस. त्यामुळे मुंबई इंडियन्सच्या ताळेबंदाला एनएफएलची फूटपट्टी लावू नका.

पुढे लक्ष ठेवायचं ते दोन तारखांवर. बहुतेक प्रक्षेपण करार लीगला 2029 च्या हंगामानंतर मोडता येतात, ईएसपीएनचा त्यानंतर एका वर्षानं. आणि खेळाडूंचा करार 2030 च्या हंगामापर्यंत आहे. मालकांना हंगामात प्रत्येक संघाचे 17 ऐवजी 18 सामने हवेत, म्हणजे विकायला आणखी एक आठवडा मिळेल. त्या जादा सामन्याच्या बदल्यात खेळाडू काय मागतात आणि काय मिळवतात, यावर पुढच्या दशकाचा भाव ठरणार आहे.